पायाशी पेट्रोलचा कॅन घेऊन किती दिवस फिरायचे?



बंदीचे ६१ दिवस संपत आले. १ ऑगस्टला ट्रॉलर पुन्हा दर्यात उतरतील. जेटीवर रंगरंगोटी, जाळ्यांची डागडुजी, बर्फाच्या ऑर्डरी, सगळे सुरू आहे. अशा वेळी आपण दरवर्षी डिझेल, बर्फ, खलाशी आणि मासळीचा दर यांवर लिहितो. यंदा आम्ही जरा वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. विषय छोटा वाटेल, पण वाचा, आणि घरातल्या पोरांनाही वाचायला द्या.

विषय आहे स्कूटरवरून नेल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या कॅनचा.

ट्रॉलरवाल्यांना डिझेल जेटीवर मिळते. आपल्या छोट्या होडीवाल्यांचे, म्हणजे ८-१० हॉर्सपॉवरचे आऊटबोर्ड लावून गिलनेट टाकणाऱ्यांचे काय? त्यांना पेट्रोल लागते, आणि ते किनाऱ्यावर कुठेही मिळत नाही. १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या होड्यांना गिलनेटने मासे मारायला बंदीतही मोकळीक असते. म्हणजे भर पावसात, चिखलात, खड्ड्यांच्या रस्त्यावरून हे पेट्रोल आणायचे काम बारा महिने चालू असते. ते कोण आणते, कसे आणते, हे आपण सगळे रोज बघतो. स्कूटरच्या फूटबोर्डवर २० लिटरचा पिवळा कॅन, त्याच्या दोन बाजूंना पसरलेले पाय, हँडलच्या हुकाला अडकवलेली दोरी. तो कॅन कालपर्यंत खाद्यतेलाचा होता. झाकण घट्ट बसत नाही म्हणून मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा घातलेला.

हिशेब बघा. दोन-स्ट्रोकचे ९.९ हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण ४ लिटर पेट्रोल पिते. सकाळी जाऊन-येऊन इंजिन तीन तास चालले तर १२ लिटर. दोन दिवसांचे २४ लिटर. म्हणजे एका होडीमागे दर दुसऱ्या दिवशी एक फेरी पंपावर ठरलेली. आमच्या बाजूला पंप सहा-सात किलोमीटरवर आहे, वाटेत चढ आहे, उतार आहे, पूल आहे, आणि हंगामात पर्यटकांच्या गाड्यांची रांग आहे. वाड्यावर वीस होड्या धरल्या तरी रोज दहा स्कूटरी पायाशी पेट्रोल घेऊन त्या रस्त्यावरून येतात. वर्षानुवर्षे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या एका सभासदाचा मुलगा, वय वीस. श्रावणातला पाऊस. संध्याकाळी बापाने सांगितले, "पहाटे जायचे आहे, पेट्रोल घेऊन ये." पोरगा गेला, कॅन गळ्यापर्यंत भरला, निघाला. उतारावरच्या गतिरोधकावर कॅन उडाला आणि झाकण सैल झाले. त्याला कळले नाही, कारण पाऊस होता आणि पँट आधीच भिजलेली होती. वास आला, पण पेट्रोल आणताना वास येतोच. घरी पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे त्याची डावी मांडी आणि पोटरी पेट्रोलात भिजत राहिली. उतरला तेव्हा पाय चुरचुरत होता. आईने फडक्याने पुसले, खोबरेल तेल लावले. रात्री कातडी लाल झाली, सकाळी फोड आले आणि कातडी सोलायला लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाण्याने धुतले होते का?" कुणीच धुतले नव्हते. पोरगा तीन आठवडे घरी बसला. आग नाही, अपघात नाही, नुसत्या पेट्रोलाने एवढे केले. वाटेत एखादी ठिणगी पडली असती तर काय, हे त्याच्या आईला कुणी समजावून सांगावे लागले नाही. ती माऊली महिनाभर नीट झोपली नाही.

आणि आम्हाला जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. दुसऱ्याच दिवशी तोच कॅन धुऊन, तीच पिशवी झाकणात घालून, बाप स्वतः पंपावर गेला. चुकला का? घरात दुसरा कॅन नव्हता. पेट्रोल आणायचा दुसरा मार्ग नव्हता. होडी बसवून ठेवून चूल पेटत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ही पद्धत बंद झाली पाहिजे. पण ती नुसत्या शहाणपणाच्या गोष्टी सांगून बंद होणार नाही. अर्धे काम आपले आहे आणि अर्धे सरकारचे. आपण आपले अर्धे केले नाही तर दुसरे अर्धे मागायला आपले तोंड राहत नाही.

"तीस वर्सां जालीं, कांय जावंक ना"

हा विषय काढला की पहिले उत्तर हेच येते. काही झाले नाही, हे अर्धे खरे आहे. झाले ते आपण मोजत नाही, एवढेच. चुरचुरलेले पाय, उतारावर घसरलेल्या स्कूटरी, तोंडाने पेट्रोल ओढताना घशात गेलेला घोट, यांची नोंद कुठे आहे?

दुसरे म्हणजे, आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हात डिझेलवर बसलेला आहे. ट्रॉलरवर खलाशी म्हणून दहा वर्षे काढली, मग स्वतःची होडी घेतली. डिझेलचा कॅन जसा हाताळला तसाच पेट्रोलचा हाताळायचा, ही सवय. पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिझेलला पेट घ्यायला आधी तापावे लागते. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याएवढी वाफ सोडते. मग आपल्या ३० अंशांच्या हवेत काय होत असेल, विचार करा. झाकण उघडले की वाफ बाहेर पडायला लागते. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून वर उडून जात नाही. जमिनीवरून, पाण्यासारखी, सखल जागेकडे सरकत जाते. हवेच्या शंभर भागांत दीड ते साडेसात भाग ही वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. कॅन पडवीत असतो आणि आग स्वयंपाकघरातल्या गॅसजवळ लागते, ती अशी.

तिसरी गोष्ट कॅनची. खाद्यतेलाचा कॅन खाद्यतेलासाठी बनवलेला असतो. पेट्रोलाने ते प्लॅस्टिक हळूहळू मऊ पडते, फुगते, शिवणीत चिरते. झाकणातला वायसर विरघळल्यासारखा होतो. शिवाय असल्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज साचते. थंड कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज. कॅन स्कूटरच्या रबरी मॅटवर ठेवूनच भरला तर ती वीज जमिनीत जायला वाटच राहत नाही. म्हणून पंपावरचे जाणते कामगार कॅन खाली जमिनीवर ठेवायला लावतात आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून भरतात. तो आपल्याला उगाच त्रास देतो असे नाही.

आणि गळ्यापर्यंत भरणे. पैसे दिले तेवढे पेट्रोल पुरते यावे, असे आपल्याला वाटते. पण पेट्रोल उष्णतेने फुगते. पंपाची टाकी जमिनीखाली थंड असते. तिथून भरलेले २० लिटर उन्हात २० अंशांनी तापले तर साधारण ४०० मिलिलिटर वाढते. म्हणजे दोन मोठे पेले. तेवढी जागा वर नसेल तर ते झाकणातूनच बाहेर येणार.

कायदा काय म्हणतो

पंपावर कुणी "प्लॅस्टिकमध्ये देणार नाही" म्हटले की आपण भांडतो. वाटेत पोलिसाने अडवले की आपण कुणाला तरी फोन लावतो. एकदा कायदा वाचून घेऊ या.

१९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे. त्यात पेट्रोल 'अ' वर्गात येते, म्हणजे सगळ्यांत धोक्याच्या वर्गात. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगायला किंवा न्यायला माणसामागे ३० लिटरपर्यंत मुभा आहे. पण कशात? काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात १ लिटरपेक्षा जास्त नाही. धातूच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात २५ लिटरपेक्षा जास्त नाही. आणि झाकण घट्ट. बस्स. त्या यादीत प्लॅस्टिकचे नाव नाही.

याचा अर्थ दोन बाजूंनी समजून घ्या. एक, आपला पिवळा कॅन कायद्यात बसत नाही, मग तो २० लिटरचा असो की ५ लिटरचा. दोन, धातूच्या चांगल्या कॅनमधून २० लिटर पेट्रोल स्वतःच्या होडीसाठी नेणारा माणूस गुन्हेगार नाही. त्याला चोरासारखी वागणूक देण्याचे कारण नाही. ही दुसरी गोष्ट आपण ठामपणे सांगू शकतो, पण पहिली पाळली तरच.

काही जण म्हणतात, मग सगळ्यांचे कॅन एका पिकअपमध्ये घालून एकदम दोनशे लिटर आणू या, प्रश्न मिटला. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण ३० लिटरच्या वर गेले की परवाना लागतो. परवाना नसताना दोनशे लिटर पेट्रोल घेऊन बाजारपेठेतून जाणारी पिकअप म्हणजे दहा स्कूटरींचा धोका एका जागी आणणे. संस्थेच्या नावावर ते आम्ही करणार नाही आणि कुणी करावे असेही सांगणार नाही.

आणि रस्त्याकडेच्या दुकानात पाण्याच्या बाटलीत भरून विकतात ते पेट्रोल होडीत घालू नका. ती विक्री बेकायदा आहेच. शिवाय त्यात काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. चार वाव पाण्यात इंजिन बंद पडले तर त्या बाटलीवाल्याला कुठे शोधणार?

आपले अर्धे काम

आम्ही ज्या गोष्टी सांगतो आहोत त्या आमच्यातल्या काहींनी गेले वर्षभर करून बघितल्या आहेत. जमतात.

पहिली गोष्ट, कॅन बदला. धातूचा, स्क्रूचे किंवा लिव्हरचे झाकण आणि चांगला वायसर असलेला, २० लिटरचा. "खाऱ्या हवेत गंजतो" ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे किनाऱ्यावरून आल्यावर बाहेरून गोड्या पाण्याने धुवायचा, पुसायचा, वर्षातून एकदा बाहेरून रंग मारायचा, आणि शिवणीवर गंज दिसला की तो कॅन मोडीत द्यायचा. ओतताना जाळीचे नरसाळे वापरायचे. जाळ्याला, दोरीला, इंजिनाला आपण एवढी निगा देतो, कॅनला का नाही? एकदम खर्च झेपत नसेल तर दोन होड्यांनी मिळून सुरुवात करा.

इंजिनाबरोबर येणारी लाल टाकी वेगळी. ती होडीत ठेवायला बनवलेली आहे, रस्त्यावरून फिरवायला नाही. तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू इंजिन चालू असताना उघडा ठेवायचा असतो. तो तसाच उघडा ठेवून टाकी स्कूटरवर आडवी घालून नेणारे आम्ही पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, भरायची पद्धत. कॅन स्कूटरवरून खाली जमिनीवर ठेवा. २० लिटरच्या कॅनमध्ये १९ लिटरच भरा. झाकण लावून कॅन क्षणभर आडवा करून बघा, थेंब आला तर तिथेच सोक्षमोक्ष लावा. तेल पंपावर मिसळू नका. २० लिटरला ४०० मिलिलिटर टू-टी तेल, म्हणजे पन्नासाला एक, हे माप तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघून घ्या आणि किनाऱ्यावर, सावलीत, विडी-काडीपासून लांब मिसळा.

तिसरी गोष्ट, वाहतूक. आमचे प्रामाणिक मत असे की स्कूटरवर पेट्रोलच्या कॅनसाठी चांगली जागाच नाही. सीटखालच्या डिक्कीत तर कधीच ठेवू नका. ती बंद जागा आहे, खाली तापलेले इंजिन आहे आणि वाफेला बाहेर पडायला वाट नाही. मागच्या सीटवर बांधला तर वजन उंच जाते. २० लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो, वर कॅनचे वजन. वळणावर ते आत डचमळते आणि स्कूटर ओढते. मागे माणसाच्या मांडीवर कॅन देणे म्हणजे तर पेटलेच तर दोघे. फूटबोर्डवर ठेवला तर पाय नीट टेकत नाहीत आणि गळाले तर थेट अंगावर.

म्हणून शक्य असेल तेव्हा उघड्या हौद्याची तीनचाकी किंवा छोटी पिकअप बघा. एका खेपेला ३० लिटरच्या आत, कॅन उभा, दोरीने चारी बाजूंनी बांधलेला, वर ओले गोणपाट. बर्फाची किंवा जाळ्याची गाडी कुणाची तरी रोज त्या बाजूला जातेच. शेजाऱ्याला सांगायला लाजू नका. आणि ज्या दिवशी खरोखरच दुसरा इलाज नाही, त्या दिवशी स्कूटरवर एकच धातूचा कॅन, उभा आणि दोरीने घट्ट बांधलेला, मागे कुणी नाही, वेग कमी, मोबाईल खिशात. वास वाढला तर थांबून बघायचे. "आता घर जवळ आले" म्हणून पुढे जायचे नाही.

चौथी गोष्ट, आणि ही आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पोरांना पाठवू नका. जाळे कुठे टाकायचे हे ठरवताना आपण घरातल्या जाणत्या माणसाला विचारतो. पण पेट्रोल आणायचे असते तेव्हा सगळ्यांत लहान जो रिकामा दिसेल त्याला किल्ली देतो. कधी लायसन नसलेला सोळा वर्षांचा पोरगा, कधी कॉलेजातून परतणारी मुलगी. "येताना कॅन भरून आण गो." होडी आपली, धंदा आपला, मग त्यातला सगळ्यांत धोक्याचा भाग सगळ्यांत कोवळ्या हाताला का? घरातल्या मोठ्याने हे काम स्वतः करावे. स्वतः दोनदा केले की नवा कॅन घ्यायची बुद्धी आपोआप होते, हा आमचा अनुभव आहे.

पाचवी गोष्ट, घरात ठेवणे. पहाटे साडेतीनला पंप उघडा नसतो, म्हणून पेट्रोल रात्री घरी राहते. हे टळत नाही. पण ते कुठे ठेवायचे हे आपल्या हातात आहे. घराच्या आत नाही. पडवीतही नाही, कारण तिथे मच्छर अगरबत्ती लागते, मोबाईल चार्जिंगला असतो, आणि समोर तुळशीपुढे दिवा असतो. मांगरात किंवा बाहेरच्या शेडमध्ये, सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी, पोरांचा हात पोचणार नाही असे ठेवा. चवथ जवळ येते आहे. चवथीला प्रत्येक अंगणात फटाके वाजतात. त्या दिवसांत तर घराभोवती भरलेला कॅनच नको. आठवडाभर पुरेल एवढे आधी भरून ठेवायचा मोह टाळा.

साठवण नको याला आता आणखी एक कारण आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळी दमट हवेत अर्धा भरलेला कॅन सैल झाकणाने पंधरा दिवस ठेवला तर त्यात पाणी जमते, आणि ते जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. मग खाडीच्या तोंडावर, लाटांच्या मध्ये, इंजिन खोकायला लागते. अनेक आऊटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते असे लिहिलेले असते. आपल्या इंजिनाचे काय ते मेकॅनिककडून समजून घ्या. तोपर्यंत ताजे पेट्रोल, भरलेला कॅन, घट्ट झाकण, आणि मध्ये पाणी अडवणारा फिल्टर.

काही झालेच तर

पेट्रोल अंगावर सांडले तर ठिणगी, विडी, चूल यांच्यापासून आधी दूर व्हा. भिजलेले कपडे लगेच काढा, लाज बाळगू नका. साबण आणि भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा. तेल, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. कपडे घराबाहेर मोकळ्या हवेत ठेवा, मशीनमध्ये टाकू नका.

कपड्यांना आग लागली तर धावू नका. खाली पडा, लोळा, दुसऱ्याने जाड सुती कापडाने गुंडाळावे. भाजल्यावर वाहते साधे पाणी वीस मिनिटे, बर्फ नाही. १०८ ला फोन करा. पेट्रोलच्या आगीवर बादलीने पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरते. वाळू टाका. वाळूची आपल्याकडे कमी नाही. होडीवर आणि शेडमध्ये एक ड्राय पावडरचे छोटे यंत्र ठेवा.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची सवय सोडा. हातपंपाची नळी बाजारात मिळते. पेट्रोल पोटात गेले तर उलटी करवू नका. उलटी होताना ते फुफ्फुसात उतरते आणि खरा धोका तिथेच आहे. थेट इस्पितळात न्या.

सरकारचे अर्धे काम

आता दुसरी बाजू. वरचे सगळे आपण केले तरी मूळ प्रश्न राहतोच. ट्रॉलरसाठी जेटीवर डिझेल असू शकते, तर छोट्या होडीवाल्यासाठी किनाऱ्याजवळ पेट्रोल का नाही? जेट्या, रॅम्प, लिलावाच्या शेड यांचे आराखडे होतात, त्यांत पेट्रोल कुठून येणार हा प्रश्न कुणी विचारताना आम्ही ऐकलेला नाही. छोट्या होडीवाल्याचे इंधन म्हणजे त्याचे खासगी काम, असे धरलेले असते.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. जिथे छोट्या होड्या जास्त आहेत अशा जेटींवर संस्थेमार्फत परवानाधारक पेट्रोल विक्रीची सोय व्हावी. त्यासाठी पेसो, जिल्हा प्रशासन, मत्स्योद्योग खाते आणि तेल कंपनी यांना एका टेबलावर आणायचे काम खात्याने करावे. प्रत्येक सभासदाने चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या, हे शक्य नाही. जागा कुठली, भरतीचे पाणी कुठपर्यंत येते, घरे किती लांब आहेत, हे आपण सांगू. पण निर्णय त्यांनी घ्यावा आणि "बघतो" म्हणून दोन हंगाम घालवू नयेत.

ते होईपर्यंत दोन गोष्टी लगेच करता येतील. धातूचे कॅन घेण्यासाठी जाळी आणि इंजिनांसारखेच अनुदान मिळावे. आणि होडीच्या नोंदणीची प्रत व धातूचा कॅन घेऊन येणाऱ्याला पंपावर आणि रस्त्यावर अडवू नये, अशी स्पष्ट सूचना निघावी.

आम्हाला माहीत आहे, काही जण म्हणतील की संस्थेने आपल्याच माणसांच्या चुका चारचौघांत का मांडाव्या. उद्या पोलीस हेच दाखवून दंड लावतील. यावर कमिटीत वादही झाला. पण झाकून ठेवले म्हणून पेट्रोलची वाफ कमी होत नाही. एखाद्या उतारावर आपलेच पोर जळाल्यावर दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहण्यापेक्षा आजच चार लोकांची नाराजी घेतलेली बरी.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो आणि म्हणतो, घरच्या माणसांना सांभाळून परत आण. दर्या सांभाळतो की नाही ते त्याच्या हातात. पण पंपापासून किनाऱ्यापर्यंतचा सहा किलोमीटरचा रस्ता आपल्या हातात आहे.

तर मंडळी, या आठवड्यात एवढे करा. घरातला पिवळा कॅन बघा, झाकणात पिशवी आहे का बघा, आणि असेल तर तो पेट्रोलसाठी शेवटचा वापरला असे ठरवा. तुमच्याकडे किती होड्या, पंप किती लांब, आठवड्याला किती लिटर पेट्रोल लागते, एवढे तीन आकडे खाली लिहा किंवा कचेरीत आणून द्या. धातूचे कॅन एकदम मागवले तर दर खाली येईल, त्यासाठीही नाव नोंदवा. जेटीवर पेट्रोल मागायला जाताना आमच्या हातात तुमचे आकडे हवेत, नुसती तक्रार नको.

दर्या सुखाचा जावो. आणि रस्ताही.

— आपली संस्था, आपली माणसे